वर्तनविज्ञानाच्या बैठकीत कोयत्याचा प्रश्न

“मॅडम, हे शेतकऱ्याचं झालं. आमच्यात उलटं असतंय.”

रात्रीचे सव्वानऊ झाले होते. माझ्या घरातल्या बैठकीच्या खोलीत टीपॉयवर दोन जाड शब्दकोश रचून त्यांवर लॅपटॉप ठेवला होता आणि समोर सतरंजीवर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची पाच मुलं बसली होती. वर्तनविज्ञानातलं, म्हणजे माणसं कशी आणि का वागतात याच्या शास्त्रातलं, नवं संशोधन मांडणारी एक ऑनलाइन बैठक चालू होती. बोलणारे अमेरिकेत, सकाळच्या कॉफीचा मग हाताशी घेऊन. आम्ही अंबाजोगाईत, जेवणं उरकून. विषय होता तंगीचा मनावर होणारा परिणाम. पैशाची ओढाताण असली की डोकं त्या ओढाताणीतच गुंतून पडतं, दुसऱ्या विचाराला जागा उरत नाही, असा तो सिद्धान्त. त्याचा सगळ्यात गाजलेला पुरावा आपल्याच देशातला आहे. २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तमिळनाडूच्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांना एकदा तोडणीच्या आधी, हात रिकामा असताना, आणि एकदा तोडणीनंतर, बिल हातात आल्यावर, एकाच धाटणीची कोडी सोडवायला दिली होती. माणसं तीच. पण बिल आल्यावर ती कोडी जास्त बरोबर सोडवत होती.

मला मध्येच टोकणारा मुलगा केज तालुक्यातला, ऊसतोड कामगाराचा. त्याचे आई-वडील दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. तो म्हणाला, “आमच्यात पैसे आधी भेटतेत, काम मागून. उचल घेतली की घरात पैसा असतोय, पण घोर तवाच सुरू होतोय.”

ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मुकादम हंगामाआधी उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांनी मिळून ती उचल फिटेल एवढा ऊस तोडायचा. एखाद्या दिवशी कामावर जाता आलं नाही तर खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, हिशेब होतो आणि बाकी निघालीच तर ती पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. तमिळनाडूच्या शेतकऱ्याकडे पैसा आला की काळजी कमी होते. केजच्या कोयत्याकडे पैसा येतो आणि त्याच पैशासोबत काळजीही येते. मग डोकं जड करतो तो खिशाचा रिकामेपणा, की डोक्यावरचं देणं? शेतकऱ्याच्या बाबतीत या दोन गोष्टी एकत्र चालतात म्हणून वेगळ्या काढता येत नाहीत; ऊसतोड्याच्या बाबतीत त्या आपोआप वेगळ्या झालेल्या आहेत. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पगाराच्या आधी आणि नंतर लोकांच्या विचारशक्तीत असा फरक सापडला नव्हता, तेव्हा हा वाद तसाही मिटलेला नाही. एखादा संशोधक ज्या तुलनेसाठी दहा वर्षं झुरेल ती तुलना या मुलाने सतरंजीवर बसून एका वाक्यात करून दाखवली.

मी प्रश्न इंग्रजीत टाइप करून चॅटमध्ये टाकला. भाषण पन्नास मिनिटं चाललं, प्रश्नांना दहा उरली, आणि त्यातली अर्धी अध्यक्षांनी स्वतःचाच प्रश्न विचारण्यात घालवली. आमचा प्रश्न शेवटच्या मिनिटाला वाचला गेला. वक्ते मनापासून म्हणाले की हा फार चांगला प्रश्न आहे, यावर विचार करायला हवा. “वेळ संपली,” अध्यक्ष म्हणाले. पडदा काळा झाला.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते त्या ‘वेळ संपली’पाशी सुरू होतं. वर्तनविज्ञानाच्या ऑनलाइन बैठका हव्यात, वाढायला हव्यात. पण त्यांतला निम्म्याहून जास्त वेळ प्रश्नांचा असला पाहिजे, आणि ज्यांच्या वागण्यावर अभ्यास झाला त्यांना आपल्या भाषेत प्रश्न विचारता आले पाहिजेत. हा उपकाराचा किंवा सामाजिक न्यायाचा मुद्दा म्हणून मी मांडत नाही, जरी तोही आहेच. त्याशिवाय हे शास्त्र कच्चं राहतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी ऑनलाइनच्या बाजूने बोलते. एकोणीस वर्षं मी तालुक्याच्या गावात मानसशास्त्र शिकवते आहे. २०२० पूर्वी अशा बैठकीला जायचं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स धरून पुणं नाहीतर मुंबई गाठायची, नोंदणी शुल्क भरायचं, रजा टाकायची, आणि शेवटच्या रांगेत बसून समोसा खाऊन परत यायचं. परदेशातल्या परिषदेचं तर नावच नको. व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘बँकेतली शिल्लक’ हा रकाना पाहूनच उत्साह मावळतो. मार्च २०२० मध्ये जग बंद झालं आणि शास्त्रज्ञांनी आपल्या परिषदा पडद्यावर आणल्या. ज्यांची नावं मी वर्षानुवर्षं नोट्समध्ये सांगत होते ती माणसं अडखळताना, पाणी पिताना, ‘मला माहीत नाही’ म्हणताना मी पहिल्यांदा पाहिली. विद्यार्थ्यांना त्यांच्या शोधापेक्षा त्यांच्या ‘माहीत नाही’चंच जास्त अप्रूप वाटलं.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की खरी परिषद चहाच्या वेळी होते. झूमवर चहा नाही, म्हणून झूमवर परिषदही नाही. खरं आहे. बाजूला उभ्या माणसाला ‘तुमचा तो तिसरा तक्ता मला पटला नाही’ असं हळूच सांगता येणं ही मोठी सोय असते. पण सर, तो चहा आमच्या वाट्याला आला होता कधी?

तर दार उघडलं. त्या दारातून आम्ही काय आत आणलं हेही सांगायला हवं, कारण दोष सगळा अमेरिकेतल्या अध्यक्षांचा नाही.

२०२० च्या मे-जूनमध्ये आमच्याकडे वेबिनारांचा पाऊस पडला. मराठवाड्यात एरवी पावसाची वाट पाहावी लागते. त्या वर्षी हा पाऊस वेळेआधी आणि सरासरीपेक्षा कितीतरी जास्त झाला. प्रत्येक महाविद्यालयाचं राष्ट्रीय चर्चासत्र, काहींचं आंतरराष्ट्रीय, म्हणजे एका वक्त्याचा भाचा दुबईत. व्हॉट्सअपवर लिंक यायची, खाली ठळक अक्षरांत: ‘फीडबॅक फॉर्म भरणाऱ्यांना ई-प्रमाणपत्र.’ एका चर्चासत्रात ऑनलाइन दीपप्रज्वलन मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे: प्राचार्यांनी केबिनमध्ये समई लावली, शिपायाने मोबाइल धरला, आणि तीन जिल्ह्यांतल्या प्राध्यापकांनी कॅमेरे बंद ठेवून मनातल्या मनात नमस्कार केला. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, वक्त्यांचं मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. प्रश्न? ‘वेळेअभावी चॅटमध्ये टाकावेत.’ चॅटमध्ये शंभर वेळा ‘व्हेरी नाइस सेशन सर’ आणि एकदा ‘फॉर्मची लिंक चालत नाही.’

हसू येतं, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. बढतीच्या अर्जाला प्रमाणपत्रं लागतात, महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीला कार्यक्रमांची संख्या लागते, आणि दोन्हीकडे प्रश्नांना गुण नाहीत. माणसं ज्याचे गुण मिळतात ते करतात. हे खुद्द वर्तनविज्ञानच सांगतं, फक्त आम्ही ते स्वतःला लावून पाहत नाही. गेल्या वर्षी आमच्या छोट्या गटाच्या बैठकीच्या सूचनेत मी मुद्दाम ‘प्रमाणपत्र मिळणार नाही’ असं लिहिलं. आधीच्या बैठकीला पाऊणशे नावं होती. या वेळी नऊ. त्या नऊ जणांशी जितकं भांडण झालं तितकं पाऊणशेंशी कधी झालं नव्हतं.

प्रश्नांचा एवढा आग्रह कशाला? भौतिकशास्त्राच्या परिषदेत मी तो धरला नसता. लातुरातला दगड आणि लंडनमधला दगड सारख्याच वेगाने खाली येतो. माणूस तसा नाही. तो कुठे वाढला, कुणासमोर बोलतोय, त्याच्या मागे किती जणांचं पोट आहे, यावर तो काय करेल हे ठरतं. आणि या शास्त्राने ज्यांच्याकडे पाहून आपले नियम बांधले ती माणसं कोण होती? अमेरिकेतल्या आघाडीच्या मानसशास्त्रीय नियतकालिकांचा २००८ साली आढावा घेतला गेला तेव्हा अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा सुमारे १२ टक्के. त्यातही बरेच जण विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात शिकणारे, कारण ते प्राध्यापकाला आयते सापडतात. (आयते सापडणारे विद्यार्थी आम्हीही वापरतो. मराठवाड्यातल्या कितीतरी प्रबंधांचा नमुना म्हणजे त्या त्या महाविद्यालयाचा बी.ए.चा वर्ग असतो.)

बरं, त्या १२ टक्क्यांत तरी सगळं पक्कं होतं का? २०१५ साली शेकडो संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस निष्कर्ष होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. या आकड्याने शास्त्र बदनाम झालं असं मी मानत नाही. आपलंच पीक आपणच मळून, उफणून पाहणारे लोक त्या शास्त्रात आहेत, ही मला भरवशाची गोष्ट वाटते. पण ज्या उफणणीतून हे कळलं ती प्रश्न विचारण्यातून झाली, टाळ्यांतून नाही.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती ऐकून माझ्या घरी पाहुणे आलेले एक निवृत्त अव्वल कारकून खुर्चीतून उठून उभे राहिले होते. २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला: फॉर्मवर सही खाली घेण्याऐवजी वरच, माहिती भरण्याआधी घेतली, तर लोक जास्त खरं लिहितात. पुरावा होता अमेरिकेतल्या गाडीविम्याच्या फॉर्मांचा. गाडी किती मैल चालली हे लोकांनी त्यात भरलं होतं. कल्पना सोपी, खर्च शून्य. जगभरच्या सरकारी खात्यांना ती आवडली. २०२० मध्ये त्याच संशोधकांनी आणखी काहींना सोबत घेऊन प्रयोग पुन्हा केले, परिणाम दिसला नाही, आणि त्यांनी जुन्या अभ्यासाची मूळ फाइल सर्वांसाठी खुली केली. पुढच्या वर्षी काही जणांनी ती फाइल उघडून पाहिली. गाड्या शून्यापासून ५०,००० मैलांपर्यंत अगदी सारख्या प्रमाणात चाललेल्या: कमी चालणाऱ्या जितक्या, मध्यम तितक्याच, प्रचंड चालणाऱ्याही तितक्याच, आणि ५०,००० च्या पुढे एकही नाही. शिवाय रकान्यातले निम्मे आकडे एका फॉन्टमध्ये आणि निम्मे दुसऱ्या. आकडे बनावट होते. प्रामाणिकपणावरचा तो अभ्यास २०२१ मध्ये मागे घेण्यात आला.

अव्वल कारकून म्हणाले, “अहो, दोन शाई दिसल्या की आम्ही सातबारा बाजूला काढायचो!”

नऊ वर्षं नामांकित विद्यापीठांना जे दिसलं नाही ते आमच्या तहसीलमधल्या माणसाला दोन मिनिटांत खटकलं. फाइल त्याच्यासमोर येण्याची सोय मात्र नव्हती. आता पुढचं ऐका. २०२३ मध्ये मी एका प्रशिक्षणाला बसले होते, कुणाचं ते सांगत नाही. साधनव्यक्तीने पडद्यावर हाच सहीचा अभ्यास दाखवला, ‘आपल्या कार्यालयांतही लागू करा’ म्हणून. मी हात वर केला. “मॅडम, प्रश्न शेवटी.” शेवटी गटचित्र झालं. मागे घेतलेलं संशोधन आमच्याकडे असं जिवंत राहतं, कारण ते मागे घेतल्याची बातमी ज्या वाटेने येते त्या वाटेवर आमचं कुणी उभं नसतं.

हा प्रश्न प्राध्यापकांपुरता असता तर मी वर्तमानपत्री भाषेत एवढा घसा कोरडा केला नसता. पण २०१९ नंतर तो सगळ्यांचा झाला आहे. त्या वर्षीच्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत वर्तनशास्त्रीय अर्थशास्त्रावर स्वतंत्र प्रकरण होतं आणि नीती आयोगानेही लोकांच्या वर्तनबदलासाठी वेगळा कक्ष उभा केला. म्हणजे आपल्या सवयी कशा वळवायच्या हे आता सरकारी धोरणाचा भाग आहे. त्यात गैर काही नाही. काही ठिकाणी त्याचा उपयोग लख्ख दिसतो. उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत लसीकरणाची शिबिरं ठरल्या दिवशी नेमाने भरवली आणि वर प्रत्येक लसीला एक किलो डाळ व शेवटी ताटांचा संच दिला, तर पूर्ण लसीकरण झालेल्या बाळांचं प्रमाण ३९ टक्क्यांवर गेलं. नुसत्या नेमाच्या शिबिरांत ते १८ होतं, आणि जिथे काहीच केलं नव्हतं तिथे ६. पण ज्याची सवय वळवायची त्याला आधी विचारलं नाही तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे.

गुड मॉर्निंग पथक आठवतं? पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसापुढे शिट्टी वाजवायची, हातात गुलाबाचं फूल द्यायचं, नाहीतर फोटो काढायचा. लाज वाटली की सवय सुटेल, हा त्यामागचा वर्तनशास्त्रीय तर्क. तेच दिवस आमच्याकडे कसे होते? एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ तारखेला पहिली गाडी आली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी, आणि ते पाहायला ही गर्दी. त्या उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या गावात, नव्या संडासात कडबा भरून ठेवलेल्या एका आजीला मी शहाण्यासारखं काहीतरी समजावायला गेले. ती म्हणाली, “टमरेलात भागतंय बाई. तिकडं बादली लागती. बादली आणू कुठून?”

हिशेब बिनचूक होता. सवय, लाज, मानसिकता हे सगळे आमचे शब्द. तिचा शब्द बादली. धोरण आखणाऱ्या एखाद्या बैठकीत ती आजी अर्धा तास बोलली असती तर शिट्ट्यांचा खर्च टाकीकडे वळला असता.

याहून जड उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. त्या काळात एका ऑनलाइन चर्चेत मी ‘चुकीचे आरोग्यनिर्णय’ हा शब्दप्रयोग ऐकला. अपुरी माहिती, तात्काळ फायद्याकडे कल, डॉक्टरांच्या शब्दाचं दडपण. पाठ्यपुस्तकात बसणारं सगळं. कुणीही खाडा हा शब्द उच्चारला नाही. ज्या बाईला पाळीच्या दिवसांत पहाटे चारला फडात उभं राहायचं आहे, नाही राहिली तर दंड आहे, आणि फडात ना आडोसा ना पाणी, तिने काय केलं असता ते ‘बरोबर’ ठरलं असतं? तिच्या डोक्यातल्या चुका शोधण्याआधी तिच्या कराराच्या अटी वाचायला हव्यात. वर्तनविज्ञान पुष्कळदा पोटातल्या प्रश्नाला डोक्यातला प्रश्न समजतं. ते ताळ्यावर आणायला पोटवाला माणूस बैठकीत लागतो.

आता भाषा. ‘मराठीत परिभाषा नाही’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी ज्या गावात हे लिहिते आहे तिथे आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. आठशे वर्षांपूर्वी त्यांनी वेदान्त मराठीत सांगितला, आणि वेदान्ताची परिभाषा वर्तनविज्ञानापेक्षा सोपी नव्हती. ‘नज’ला, म्हणजे सक्ती न करता माणसाला एखाद्या निवडीकडे हळूच वळवण्याला, मराठी शब्द काय, यावर आमच्या गटात दोन तास गेले. ‘कोपरखळी’ टोमण्याकडे जाते, ‘ढुशी’ बैलाची, ‘रेटा’ फार जोराचा. शेवटी एक अंगणवाडीताई म्हणाल्या, “आम्ही लेकराला जेवायला बसवताना ताट जरा त्याच्या बाजूला सरकवतो, तसं का?” आता आम्ही ‘ताट सरकवणं’ म्हणतो. इंग्रजी शब्द ज्यांना पाठ होता त्यांनाही त्याचा अर्थ त्या दिवशी नेमका कळला, कारण ताट सरकवलं तरी न जेवण्याची मोकळीक लेकराला असतेच. शिट्टीत ती नव्हती.

आणि मराठीत संशोधन होतच नाही असं थोडंच आहे! आमच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी नैराश्याबद्दल घरोघर बोलायला सुरुवात केली, आणि दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअट्री’त ते प्रसिद्ध झालं. गावांत झालेलं बोलणं मराठी, निष्कर्ष इंग्रजी. २०२३ साली हजारावर शेतकरी आत्महत्यांची नोंद झालेल्या मराठवाड्यात हे मला कळलं ते एका परदेशी वक्त्याच्या तोंडून, रात्री साडेदहाला, ‘भारतातलं एक उदाहरण’ म्हणून. अमरावती ते अंबाजोगाई हे अंतर व्हाया बोस्टन पडलं.

आक्षेप येतील, आलेही आहेत. पहिला असा, की सामान्य माणसाला संशोधनपद्धती कळत नाही, तो ‘आमच्या गावात असं नसतं’ एवढंच म्हणेल. म्हणू द्या. ‘आमच्या गावात असं नसतं’ या वाक्यातून अर्धं शास्त्र पुढे गेलं आहे. कुठे नसतं, केव्हापासून, कुणाच्या घरात नसतं, हे उलट विचारणं हे आमच्यासारख्यांचं काम. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: अभ्यास ज्यांच्यावर झाला त्यांना पडद्यावर आणून बसवणं हे प्रदर्शन होईल. होऊ शकतं. घरातला माणूस गेलेल्या बाईला वेबिनारमध्ये ‘अनुभवकथन’ करायला लावणारे आयोजक मी पाहिले आहेत, आणि त्यांचं तोंड पुन्हा पाहू नये असं मला वाटतं. म्हणून भेद करायला हवा. तिने आपली कहाणी सांगावी अशी आमची मागणी नाहीच. कहाणी संशोधकाने आधीच नेली आहे. तिने त्या कहाणीच्या अर्थावर प्रश्न विचारावा, कॅमेरा बंद ठेवून, नाव न सांगता, हवं तर कुणाच्या तरी मार्फत. आणि रेकॉर्डिंग तिच्या होकाराशिवाय नाही.

आमच्या गटाची रीत अगदी साधी आहे आणि ती गरिबीतून आली आहे. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा. म्हणून मांडणी पंधरा मिनिटं, प्रश्न पंचवीस. प्रास्ताविक नाही, परिचय चॅटमध्ये, आभार मनातल्या मनात. ज्या अभ्यासावर बोलायचं त्याचा दोन पानी मराठी सारांश आठ दिवस आधी व्हॉट्सअपवर जातो, आणि त्यासोबत तो अभ्यास पुढे कुणी करून पाहिला का, टिकला का, हेही. पहिले तीन प्रश्न बिगरप्राध्यापकांचे. यात नवं यंत्र नाही, निधी नाही. अर्ज करून परवानगी मागितली असती तर कदाचित मिळाली नसती. पण हे गटापुरतं राहू नये. आमच्या भागातलं संशोधन ज्या विद्यापीठांच्या हाताखाली होतं, मग ते छत्रपती संभाजीनगरचं असो, नांदेडचं की परभणीचं कृषी विद्यापीठ, त्यांनी मौखिक परीक्षेआधी प्रत्येक प्रबंधाची अशी एक मराठी प्रश्नबैठक सक्तीची करावी, आणि ज्या गावांत माहिती गोळा केली त्या गावांना तिची लिंक पाठवावी. प्रबंधाच्या शेवटी ‘प्रतिसादकांचे आभार’ असतातच. लिंक पाठवायला त्याहून जास्त शब्द लागत नाहीत.

केजचा तो मुलगा आता तंगीच्या सिद्धान्तावर लघुप्रबंध करतो आहे. उचल घेण्याआधी, घेतल्यावर आणि हिशेब झाल्यावर, असे तीन टप्पे त्याने धरले आहेत. कोडी कागदावर चालणार नाहीत म्हणून तो भुईवर खडे मांडून काही जमतंय का ते पाहतोय. आमच्या पुढच्या बैठकीत मांडणी त्याचीच आहे, महिना नोव्हेंबर. तोवर त्याच्या आईची टोळी पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर पोचलेली असेल. कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, रेंज नसते, फडाच्या बांधावर येते, असं तो सांगतो. गाडी भरायला कधी बोलावणं येईल याचा मात्र नेम नसतो. म्हणून या वेळच्या सूचनेत तारीख घातली आहे आणि वेळेची जागा कोरी ठेवली आहे. ती त्याच्या आईला विचारून भरायची आहे.